ओपनएआयचे शेअर मिळतायत म्हणे? पैसे टाकायच्या आधी या चुका टाळा

बे एरियातल्या एका मित्राचा रात्री व्हॉट्सॅप आला, अँथ्रॉपिक या एआय कंपनीचं अलोकेशन, म्हणजे शेअरचा वाटा, मिळतंय, कमीत कमी ५० हजार डॉलर, शुक्रवारपर्यंत हो-नाही सांगायचंय, काय करू? मी विचारलं, कागदावर नाव कोणाचं लागणार? तर म्हणे ते काय विचारलं नाही बुवा. हा तोच माणूस, ज्याने गावाकडे दहा गुंठे घेताना सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट सगळं काढल्याशिवाय विसाराचा रुपया दिला नव्हता. इथे मात्र पीडीएफवरचा लोगो बघून गडी खूश.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कंपनी कुठली हे सगळे विचारतात, आपल्या हातात नक्की काय पडणार हे कोणी विचारत नाही.

होतं काय, की बाहेरच्या माणसाला अशा लिस्ट न झालेल्या कंपन्या सहसा थेट शेअर देत नाहीत. मग कोणीतरी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एक एलएलसी, म्हणजे छोटी खासगी कंपनी, काढतं, फक्त या व्यवहारापुरती, म्हणून तिला म्हणायचं एसपीव्ही, ती शेअर घेते आणि तुम्ही त्या एलएलसीचे मेंबर होता. कंपनीच्या कॅप टेबलवर, म्हणजे तिच्या सातबारावर, तुमचं नाव कधीच लागत नाही. एवढ्यावर असेल तर ठीक आहे, बरेच सरळ व्यवहार असेच होतात. पण ती एलएलसी दुसऱ्या एलएलसीत आणि ती तिसरीत पैसे टाकत असेल तर ते साठेखतावर साठेखत झालं, मूळ मालक कुठे बसलाय पत्ता नाही आणि प्रत्येक जण आपापली फी कापणार. समजा दोन थर आहेत आणि दोघांनी सुरुवातीलाच ५-५ टक्के घेतले, तर ५०,००० पैकी कामाला लागले ४५,१२५. पुढे नफा झालाच तर त्यातला वाटा वेगळा, त्याला कॅरी म्हणतात, २० टक्के तर सर्रास असतो.

वर कंपनीची परवानगी लागते ती वेगळीच. ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट लिहून टाकलं की आमच्या लेखी संमतीशिवाय झालेली विक्री आम्ही मानणार नाही, आणि त्यात एसपीव्हीही आले. म्हणजे पैसे गेले, कागद आला आणि कागदाला किंमत शून्य, असं होऊ शकतं. मित्राने शेवटी विचारलं तेव्हा उत्तर आलं "आम्ही तिसऱ्या लेयरवर आहोत, कन्सेंट प्रोसेसमध्ये आहे". त्याने नाद सोडला.

टोकनवाल्यांचं, म्हणजे शेअरच्या नावाने डिजिटल नाणी विकणाऱ्यांचं, तर विचारूच नका. जून २०२५ च्या शेवटी रॉबिनहूड या ट्रेडिंग अ‍ॅपने युरोपातल्या ग्राहकांना ओपनएआयच्या नावाचे टोकन वाटले, दोनच दिवसांत ओपनएआयने जाहीर केलं की ही आमची इक्विटी नाही आणि आमचा यात काही संबंध नाही. नाव ओपनएआयचं, पण ओपनएआयमध्ये मालकी काही मिळत नाही.

आता दुसरी चूक, आणि ही हुशार लोक करतात. ते म्हणतात एसपीव्हीच्या भानगडीत नको, लिस्टेड फंड घेऊ. डेस्टिनी टेक१०० नावाचा फंड मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आला, आत स्पेसएक्स, ओपनएआय वगैरे. त्याची एनएव्ही, म्हणजे आत असलेल्या मालाची किंमत, होती शेअरमागे ४.८४ डॉलर आणि एप्रिलमध्ये लोकांनी तो १०० डॉलरच्या वर नेला! पाच रुपयांचा वडापाव शंभरला, का तर दुकान एकच आहे म्हणून. नंतर भाव कोसळला तेव्हा आतल्या कंपन्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं. असा क्लोज्ड-एंड फंड, म्हणजे जो बाजारातल्या भावाने घ्यावा लागतो, घेताना आधी एनएव्ही बघा, मग भाव.

त्यामानाने अमेरिकेत राहणाऱ्यांना आर्कचा व्हेंचर फंड (५०० डॉलरपासून) सोपा, कारण खरेदी एनएव्हीला होते आणि अ‍ॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर असायची गरज नाही. पण त्याचा खर्च वर्षाला जवळपास ३ टक्के, आणि पैसे काढायची खिडकी तिमाहीतून एकदाच, तीही फंडाच्या साधारण ५ टक्क्यांपुरती. पोरीच्या कॉलेजची फी यात ठेवू नका.

अ‍ॅक्रेडिटेड म्हणजे दोन वर्षं २ लाख डॉलर उत्पन्न (जोडीदारासकट ३ लाख), किंवा राहतं घर सोडून १० लाख डॉलरची नेटवर्थ. फॉर्मवर खोटी टिक करणारे आहेत. उद्या भांडण झालं तर आधी तुमचीच टिक काढून दाखवतील.

व्हॅल्युएशनच्या हेडलाइनवर पण फार जाऊ नका. तो आकडा शेवटच्या राउंडच्या प्रेफर्ड शेअरचा, म्हणजे आधी पैसे मिळायचा हक्क असलेल्यांचा असतो, आणि तुम्हाला मिळतात बहुतेक वेळा कर्मचाऱ्याने विकलेले कॉमन, म्हणजे कंपनी स्वस्तात विकली गेली तर पंगतीत शेवटी बसणारे. शिवाय कंपनी विकलीच जाईल असंही नाही, जुलै २०२५ मध्ये गूगलने विंडसर्फ या एआय कोडिंग कंपनीचे सीईओ आणि निवडक माणसं घेतली, तंत्रज्ञानाचं लायसन्स घेतलं, पण कंपनी घेतलीच नाही.

पुण्या-मुंबईतल्यांसाठी वेगळी डोकेदुखी. एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशात पाठवता येतात आणि १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो (रिटर्नमध्ये मिळतो), हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की परदेशातल्या लिस्ट न झालेल्या कंपनीचा एक शेअर घेतला तरी २०२२ च्या नियमांप्रमाणे ती ओव्हरसीज डायरेक्ट इन्व्हेस्टमेंट होते, बँकेतून फॉर्म एफसी, यूआयएन नंबर, सगळं आलं, आणि नुसते शेअर धरून बसणारी एसपीव्ही असेल तर आणखी गुंता. सीए आणि बँक दोघांशी आधी बोला. न्यू जर्सीतल्या भाच्याच्या नावावर घेऊ ही आयडिया तर सोडूनच द्या, शेअर त्याचा, टॅक्स त्याचा, उद्या त्याचा घटस्फोट झाला तर वाटणीही त्याचीच. आणि जे काही घ्याल ते रिटर्नमधल्या शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं, न दाखवल्यास १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

एवढं नको असेल तर मायक्रोसॉफ्ट घ्या, ऑक्टोबर २०२५ च्या फेररचनेनंतर ओपनएआयचा साधारण २७ टक्के हिस्सा त्यांच्याकडे होता. कंटाळवाणं आहे, पण मनात आलं की विकता येतं.

पैसे आधीच टाकून बसला असाल तर? एसपीव्हीच्या मॅनेजरला मेल करा, फोन नको. कंपनीचं संमतीपत्र, मूळ खरेदी करार, किती थर आणि प्रत्येकाची फी, एवढं लेखी मागा. मग एसईसीच्या (अमेरिकेची सेबी म्हणा) एडगर साइटवर त्या एलएलसीच्या नावाने फॉर्म डी शोधा. तो सापडला म्हणजे पैसे गोळा केल्याची नोंद झाली इतकंच, शेअर घेतले हे त्यातून सिद्ध होत नाही. ब्रोकरचं नाव फिनरा या ब्रोकरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या ब्रोकरचेकवर टाका. आणि अमेरिकेत टॅक्स भरत असाल तर एप्रिलमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे मुदतवाढ, टाकून ठेवा, कारण या एलएलसींचे के-१ (तुमच्या वाट्याचा नफा-तोटा सांगणारा टॅक्सचा कागद) बऱ्याचदा वेळेवर येत नाहीत आणि त्याशिवाय तुमचं रिटर्न पुरं होत नाही.