हिमाचलात गाडीचे दार गोठू नये म्हणून पुण्यात करायची तयारी

पुण्यातील आजवरचे नीचांकी तापमान १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सियस नोंदले गेले, म्हणजे तेही शून्याच्या वरच होते. साहजिकच, नाताळच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला जाणाऱ्या पुणेकराला गोठलेल्या लॉकची कल्पना नसते. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रस्ता खुला असेल तेव्हा भर हिवाळ्यातही पुढे बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाता येते आणि तेथे पहाटे दार न उघडण्याचा अनुभव हमखास येऊ शकतो.

किल्लीच्या छिद्रात किंवा दाराभोवतीच्या रबर बीडिंगवर राहिलेले पाणी रात्री गोठते, एवढेच याचे कारण आहे. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी धुण्याची आपली हौस या प्रवासापुरती आवरावी. धुवायचीच असेल तर दोन दिवस आधी धुऊन चारही दारे व डिकी उघडी ठेवून बीडिंग कोरड्या फडक्याने पुसावे आणि त्यावर सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात फिरवावा. पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल लावू नये, कारण त्याने रबर फुगून खराब होऊ शकते. किल्लीच्या छिद्रासाठी ग्रॅफाइटची पूड उत्तम. ती बोहरी आळीतील हार्डवेअरच्या दुकानांत विचारावी. छिद्रात आधी तेल सोडलेले असेल तर मात्र पूड घालू नये. दोन्ही मिळून चिखल होतो.

मुक्कामी पोहोचल्यावर छिद्रावर चिकटपट्टी लावावी आणि शक्य असेल तर चालकाचे दार पूर्वेकडे येईल अशी गाडी उभी करावी. डी-आयसरची (बर्फ वितळवणाऱ्या द्रवाची) बाटली गाडीत ठेवून झोपायला जाणे ही चूक इतकी सोपी आहे की ती बहुतेकांच्या हातून होते. बाटली खोलीतच हवी.

तरीही दार अडलेच, तर प्रथम काय गोठले आहे ते ओळखावे. रिमोट दाबल्यावर लॉक उघडल्याचा आवाज येतो, पण दार हलत नाही, याचा अर्थ बहुधा बीडिंग चिकटले आहे. अशा वेळी हँडल ओढत बसल्यास हँडल तुटते किंवा रबर फाटते. त्याऐवजी दाराच्या कडेवर तळहाताने आत दाब द्यावा, म्हणजे बर्फाचा थर तडकतो, आणि मग हलकेच ओढावे. एवढ्यानेही न उघडल्यास दुसरे दार किंवा डिकी उघडून आत शिरावे व हीटर लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

किल्लीच आत जात नसेल किंवा फिरत नसेल, तर छिद्रात डी-आयसर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडावे. हे अल्कोहोल उणे ८९ अंशांपर्यंत गोठत नाही आणि पाण्यात मिसळून बर्फ वितळवते. किल्लीचे पाते लायटरने कोमट करून घालण्याची युक्तीही चालते; मात्र किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) चिप असते, त्यामुळे तेथे ज्योत लागता कामा नये. किल्ली जोर लावून फिरवू नये, तुकडा आत राहिला तर डोंगरात कुलूपवाला शोधावा लागेल. हॉटेलातून उकळते पाणी मागवून ओतण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो नम्रपणे नाकारावा. थंड काच तडकते आणि तेच पाणी थोड्या वेळात पुन्हा गोठते.

दार उघडल्यावर लगेच निघू नये. लॅचमध्ये बर्फ उरला असेल तर दार नीट लागत नाही, म्हणून बीडिंग व लॅच पुसून दार दोन-तीनदा उघडझाप करून पाहावे.