हिंजवडीत घर ठरवण्यापूर्वी
पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये नोकरी लागल्यावर वाकड, बाणेर आणि माण येथील केवळ घरभाड्यांची तुलना केल्यास निर्णय फसू शकतो, कारण रविवारी घर पाहायला जाताना प्रवासाला लागलेल्या वेळेवरून सोमवारी सकाळच्या प्रवासाचा अंदाज येत नाही.

आपले कार्यालय आयटी पार्कच्या फेज (टप्पा) १, २ की ३ मध्ये आहे, हे आधी विचारून घ्यावे. मग पसंतीच्या घरापासून कामाच्या दिवशी, प्रत्यक्ष पाळीच्या वेळी, ज्या वाहनाने रोज जायचे त्यानेच जाऊन यावे; परतीचा प्रवास मुळीच टाळू नये, कारण संध्याकाळची कोंडी अनेकदा अधिक त्रासदायक असते. महिन्याचा प्रवासखर्च भाड्यात मिळवूनच घरांची तुलना करावी.

अकरा महिन्यांच्या करारातील ‘लॉक-इन’ची अट, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता न येण्याची अट, मात्र अनामत देण्यापूर्वीच वाचावी.