परदेशी रेसिडेन्सीला निघताना: कागदपत्रं, कॅनव्हास आणि काळी माती

रेसिडेन्सी म्हणजे चित्रकाराने ठरावीक काळ दुसरीकडे राहून, तिथल्या स्टुडिओत काम करणं. तिचं निवडपत्र आलं की पहिली धाव रंगांच्या दुकानाकडे नको, घरातल्या कागदांच्या पेटीकडे हवी. विदर्भातल्या खेड्यांतून निघणाऱ्यांचं बहुतेकदा नावात अडतं. दहावीच्या सनदेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरंच. पासपोर्टवरचं स्पेलिंग एकदा पक्कं करा आणि आमंत्रणपत्र, विमा, तिकीट सगळं त्याबरहुकूम करून घ्या. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका.

जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स हे शेंगेन देश, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणारे युरोपातले देश. तिथला अल्पकालीन व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, तीन महिने नव्हे. १ जुलै ते ३० सप्टेंबर हे ९२ दिवस भरतात, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवसही त्यात धरला जातो. आयोजकांनी तारखा 'जुलै ते सप्टेंबर' अशा दिल्या असतील, तर त्या तेव्हाच बदलून मागा. या व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. राहणं, स्टुडिओ, प्रवास आणि साहित्य यांपैकी कशाचा खर्च कोण करणार, हे आमंत्रणपत्रात स्वच्छ लिहून घ्या.

घर शेतीवर चालत असेल तर बँक पासबुक वर्षभर कोरडं असतं आणि कापूस विकला की एकदम मोठी रक्कम दिसते. व्हिसा तपासणाऱ्याला ती उसनी आणल्यासारखी वाटते. म्हणून कापूस विक्रीची पट्टी आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा. सोबत चार ओळींचं पत्र द्या: आमच्याकडे पैसा हंगामाला येतो, ही रक्कम त्याचीच.

आता माती. अनेकांचं काम आपल्या काळ्या मातीवर उभं असतं आणि पिशवीभर माती सोबत न्यायचा मोह होतो. नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये आपल्याकडची माती न्यायला बंदी आहे, अमेरिकेत परवान्याशिवाय चालत नाही. सरकीसकट कापूस, तुराट्या, बियाही घरीच ठेवा. माती न नेता तिचा रंग नेता येतो, त्याची रीत अशी.

ओंजळभर माती बादलीत भरपूर पाण्यात कालवा, मिनिटभर थांबा. खडे-वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. असं तीनदा करा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढून साका सावलीत वाळवा आणि वस्त्रगाळ करा. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळून घ्या आणि त्यात माती घोटा. ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर पातळ ते दाट अशा पाच छटा ओढा. थर जाड दिला की तडकतो: ही माती ओलीला फुगते आणि वाळताना आकसते, उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्याच कारणानं.

छटांची ही पट्टी पूर्ण वाळल्यावरच तिच्याशेजारी अंबर (umber, मातकट तपकिरी) आणि काळा या ट्यूबच्या रंगांनी प्रत्येक छटा जुळवा. ओली माती बरीच गडद दिसते, तेव्हा जुळवलेला रंग पुढे चुकतो. कुठला रंग किती घेतला ते लिहून ठेवा. मातीची पट्टी घरी राहील, ट्यूबची पट्टी सोबत न्या.

टर्पेंटाइन आणि थिनर विमानात चालत नाहीत, ते तिथेच घ्या. तैलरंगाच्या ट्यूबसोबत कंपनीचं सुरक्षा पत्रक ठेवा. जवसाच्या तेलात माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा. थंडीत तैलरंग आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी सावकाश वाळतो, म्हणून मोठी कामं पहिल्या पंधरवड्यातच हाती घ्या. ॲक्रिलिक रंग साधारण १० अंशांच्या खाली नीट पापुद्रा धरत नाही; रात्री स्टुडिओची हीटिंग बंद होते का, ते विचारा.

परत आणताना कॅनव्हास रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. ज्या नळीवर कॅनव्हास गुंडाळायचा तिच्यासाठी वावरातल्या पाइपलाइनचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उत्तम. एक मीटरचा तुकडा इथूनच न्या, जाताना त्यात ब्रश भरा. कामांमध्ये बटर पेपर घाला. बबल रॅप थेट ॲक्रिलिकला लावलं तर चिकटतं आणि फोडांचे ठसे उमटतात. गारठ्यात ॲक्रिलिक कडक होऊन तडकतं, म्हणून गुंडाळणं आणि उलगडणं उबदार खोलीतच करा. घरी पोचल्यावर पाइप टिनाच्या छपराखाली ठेवू नका, आणि उन्हाळा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आधी कॅनव्हास उलगडा.