लोकप्रतिनिधींना भेटायला जाताना: मधुमेह असलेल्या घरांसाठी तयारीची यादी

आधी मागणी ठरवा, भेटीची वेळ नंतर मागा. मागणी एकच असावी आणि तिला समोरच्याला स्पष्ट 'हो' किंवा 'नाही' म्हणता यावं. 'मधुमेहाकडे लक्ष द्या' याला सगळेच हो म्हणतात आणि पुढे काही हलत नाही. 'टाइप वन असलेल्या प्रत्येकाला इन्सुलिनबरोबर ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही सरकारी खर्चानं मिळाव्यात' ही मागणी झाली. (टाइप वन म्हणजे शरीरात इन्सुलिन बनणंच थांबतं तो मधुमेह; ग्लुकोमीटर म्हणजे रक्तातली साखर मोजणारं छोटं यंत्र, त्याला दर तपासणीला नवी पट्टी लागते.) 'शाळेत शुगर तपासायला आणि इन्सुलिन घ्यायला मुलाला परवानगी आहे, असा लेखी नियम निघावा' हीसुद्धा झाली. पहिल्या भेटीला आम्ही नऊ मागण्या घेऊन गेलो होतो. मिळालेली वीस मिनिटं तिसऱ्या मागणीवरच संपली, आणि नेमकं काय हवंय ते त्यांना कळलंच नाही. ती वेळ वाया गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण पुढची भेट मिळायला फार दिवस लागले.

मागणी ठरली की ती कोणाच्या हातातली आहे ते शोधा. खर्चाची बाब असेल तर अर्थसंकल्प मांडला जाण्याच्या कित्येक महिने आधी जा. तो मांडला गेल्यावर सहानुभूतीशिवाय काही मिळत नाही. नियमाची बाब असेल तर लोकप्रतिनिधींनी संबंधित मंत्र्यांना पत्र द्यावं किंवा सभागृहात प्रश्न विचारावा, एवढंच मागा.

मग वही सुरू करा. पूर्ण एक महिना रोज लिहा: किती पट्ट्या लागल्या, किती मिळाल्या, किती विकत आणल्या, पट्ट्या वाचवायच्या म्हणून किती वेळा तपासणं टाळलं. हा शेवटचा आकडा लिहिताना हात अडखळतो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. दहा घरांनी अशा वह्या भरल्या तर तुमच्याजवळ जी माहिती असेल ती कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. रिकाम्या झालेल्या पट्ट्यांच्या डब्या जपून ठेवा आणि भेटीच्या दिवशी पिशवीतून न्या. वापरलेल्या सुया आणि लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया) मात्र दाखवायला नेऊ नका.

निवेदन एका पानाचं करा. वर मागणी, खाली वह्यांमधले आकडे, आणि आधाराला एक पक्की गोष्ट. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेत सदस्य देशांनी मधुमेहासाठी २०३० पर्यंतची पाच उद्दिष्टं मान्य केली. त्यातलं एकच उद्दिष्ट १०० टक्क्यांचं आहे: टाइप वन असलेल्या प्रत्येकाला परवडणारं इन्सुलिन आणि स्वतः रक्तशर्करा तपासण्याची साधनं. त्यातल्या 'आणि' खाली रेघ ओढा. इन्सुलिन १९७७ पासून, म्हणजे पहिल्या यादीपासूनच, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांमध्ये आहे. पण किती घ्यायचं ते पट्टीशिवाय कळणार कसं? इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये इन्सुलिनचं पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरंटो विद्यापीठाला दिलं, ही हकिकत मनाला भिडणारी आहे. ती कागदावर एका ओळीत असू द्या. बोलण्याचा वेळ तिच्यावर घालवू नका.

बोलायचं ते स्वतःच्या घराचं, दोन मिनिटांत. सगळा आजार सांगत बसू नका, एक रात्र सांगा. दोनचा गजर, झोपेतल्या मुलीचं बोट टोचणं, मीटरवर ५८, म्हणजे साखर फार उतरलेली, तिला उठवून ग्लुकोज पाजणं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी, मग पहाटे आणखी एक. एका रात्रीत तीन पट्ट्या. इथे थांबा आणि मागणी वाचा. मोठ्यानं, घड्याळ लावून सराव करा. डोळे भरून आले तर येऊ द्यात, पण मागणीचं वाक्य सोबतच्या माणसालाही पाठ हवं.

मुलाला न्यायचं का, हे मुलालाच विचारा. नको म्हणालं तर विषय तिथेच संपला. आलं तर त्याला हवं तेवढंच बोलू द्या. पोटावरचे टोचल्याचे डाग कुणाला दाखवायला लावू नका. निवेदनाला जोडलेल्या रिपोर्टवरचं नाव-पत्ता झाका.

'लहानपणी गोड फार खायचा का?' हा प्रश्न येणारच. रागावू नका. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, खाण्यामुळे तो होत नाही, हे शांतपणे सांगा. पण 'आमचा तो मधुमेह नव्हे' असं चुकूनही म्हणू नका. टाइप टू असलेल्या माणसानं तो ओढवून घेतलाय, असा अर्थ त्यातून निघतो. त्यालाही डोळ्यांच्या, पायांच्या, मूत्रपिंडाच्या तपासण्या हव्या आहेत, आणि उद्या त्याच्या मागणीसाठी आपल्यालाच त्याच्याबरोबर बसायचं आहे. एखादी औषध कंपनी प्रवासखर्च देत असेल तर नाही म्हणा, नाहीतर तसं आधीच उघड सांगा.

भेटीच्या दिवशी ताटकळावं लागेल असं धरूनच चला. जेवणाची वेळ टळली तरी चालावं इतकं खाणं, ग्लुकोज, जादा पट्ट्या, इन्सुलिन आणि डॉक्टरांचं पत्र जवळ हवं. अंगावर इन्सुलिनचा पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर असेल तर सुरक्षा तपासणीच्या क्ष-किरण यंत्रातून तो नेता येतो का, ते पुस्तिकेत आधी बघून ठेवा. आत बोलताना शुगर उतरतेय असं वाटलं तर बोलणं थांबवून तिथेच तपासा. माफी मागायची काही गरज नाही.

ऐनवेळी साहेब नसतील आणि स्वीय सहायक भेटतील. हिरमुसू नका, सगळं त्यांना तितक्याच नीट सांगा. कागद पुढे तेच सरकवतात. उत्तर माहीत नसेल तर 'शुक्रवारपर्यंत कळवतो' म्हणा आणि गुरुवारी कळवा. निघताना निवेदनाची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या, पुढे कधी विचारायचं ती तारीख त्यांच्याकडूनच घ्या. संध्याकाळी आभाराच्या दोन ओळी पाठवा, त्यात मागणी पुन्हा एकदा लिहा.

पट्ट्यांची वही मात्र बंद करू नका. पाठपुराव्याला जाल तेव्हा नव्या महिन्याचे आकडे लागतील.