जेट होडीच्या तळात पाणी येते कोठून?

कौलारू घरात थेंब जेथे पडतो, त्याच्या नेमके वर फुटके कौल क्वचितच सापडते. पाणी वाशावरून ओघळत जाते आणि भलत्याच जागी खाली उतरते. जेट होडीचा बिल्ज, म्हणजे आतल्या फळ्यांखालची तळाची पोकळी, याहूनही फसवा असतो. होडी वेग घेऊ लागली की नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलली जाते आणि आतले सगळे पाणी मागच्या उभ्या भिंतीपाशी, म्हणजे ट्रान्समपाशी, धावते. जेट पंपही तेथेच बसवलेला असल्यामुळे आळ बहुधा त्याच्यावर येतो. म्हणून पाणी कोठे साचले हे पाहण्याआधी ते केव्हा आत येते, याचा शोध घ्यावा.

या होडीची रचना लक्षात घेतली की या प्रश्नाचे महत्त्व कळते. न्यूझीलंडमधील कँटरबरीच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत व्यवहारात आणली. तीत तळाला मोठे भोक ठेवून नदीचे पाणीच होडीच्या पोटात घेतलेले असते. ते जाळीतून इनटेकमध्ये, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या मार्गात, चढते, इम्पेलर, म्हणजे पंपाचे फिरते पाते, त्याचा दाब वाढवतो आणि ट्रान्सममागच्या नोझलमधून ते जोराने बाहेर फेकले जाते. अनेक होड्यांमध्ये इंजिन थंड करण्याचे पाणीही पंपाच्या याच दाबाच्या बाजूने काढलेले असते. त्यामुळे काठाला बांधलेल्या होडीत कोरडी ठणठणीत दिसणारी एखादी होज क्लिप (रबरी नळी आवळणारी पट्टी) पूर्ण वेगात चांगली पिचकारी मारू शकते.

प्रथम बिल्ज स्पंजने कोरडा करावा आणि तेलाचा थर साबणाने काढावा, कारण तेलकट पृष्ठभागावर ताजा ओघळ ओळखता येत नाही. इंजिन पेट्रोलचे असेल तर सुरू करण्यापूर्वी बिल्जचा ब्लोअर (आतली हवा बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटे चालवावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळातच दबा धरून राहते. नंतर होडी पाण्यात उतरवून, इंजिन न लावता, एक तास स्थिर ठेवावी आणि जमलेले पाणी मापून घ्यावे. हे मोजमाप कंटाळवाणे असले तरी पुढचे बरेच कष्ट त्यामुळे वाचतात. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलीटर होतो, असे धरले तर सेकंदाला एक थेंब या गतीने तासाला सुमारे १८० मिलिलीटर आणि दिवसाला सव्वाचार लीटर पाणी येते. बिल्जमध्ये रोज वीस लीटर साचत असेल आणि शाफ्टचा, म्हणजे इम्पेलर फिरवणाऱ्या दांड्याचा, ग्लँड (दांड्याभोवती पॅकिंग दाबून पाणी अडवणारा सांधा) एवढेच ठिबकत असेल, तर ग्लँड आवळत बसण्यात अर्थ नाही.

स्थिर होडीत पाणी आले, तर निचऱ्याचा बूच, इनटेक आणि तळ यांमधील सांधा, ट्रान्समवरचे सील, शाफ्टचे सील आणि खुद्द तळ एवढेच संशयित उरतात. प्रत्येक जागा पुसून तिच्याभोवती खडूची पूड भुरभुरावी. पाणी पाझरले की पूड काळपट पडते आणि ओघळाची वाट दिसते. ओघळाच्या सर्वांत वरच्या ओल्या टोकाकडेच लक्ष द्यावे. गोट्यांच्या नदीत वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या होडीत इनटेकच्या कोपऱ्यांजवळचे वेल्डिंग आणि रिव्हेट विशेष बारकाईने पाहावेत, कारण तळावर बसणारे धक्के तेथेच एकवटतात.

स्थिर होडी कोरडी राहिली, पण धावून आल्यावर बिल्ज भरला, तर दाबाखालचे होज, त्यांच्या क्लिपा, एक्झॉस्टचे रबरी सांधे आणि इनटेकवरचे तपासणीचे झाकण पाहावे. हे झाकण शेवाळ किंवा गोटा काढण्यासाठी वारंवार उघडले जाते; ओ-रिंगखाली, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्याखाली, वाळूचा एक कण अडकला तरी पुरे. पाणी कोमट असेल तर ते इंजिनातून फिरून आले आहे, असा तर्क करता येतो. शाफ्टच्या सीलची खूण आणखी स्पष्ट असते: फिरता शाफ्ट पाणी भोवताली भिरकावतो, म्हणून त्याच्या रेषेत बिल्जच्या दोन्ही बाजूंवर आणि वरच्या झाकणाच्या आतल्या अंगावर ओला पट्टा उमटतो. चालत्या शाफ्टवर वाकून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. दिवा आणि कॅमेरा घट्ट बांधून झाकण लावावे, फेरी मारावी आणि चित्रण नंतर निवांत पाहावे. मला तरी यापेक्षा चांगला साक्षीदार आढळलेला नाही.

पॅकिंगचा ग्लँड चालताना थोडा ठिबकणे योग्यच असते, कारण त्या पाण्यानेच तो थंड राहतो. तो आवळायचा झाल्यास दोन्ही नट सारखे, एका वेळी षटकोनाची एकच बाजू एवढे फिरवावेत आणि होडी चालवावी; चालू असताना त्याला हात न लावता इंजिन बंद केल्यावरच त्याची उष्णता तपासावी. तो तापला असेल तर नट जास्त आवळले गेले आहेत. पॅकिंगऐवजी दोन घासत्या चकत्यांनी पाणी अडवणाऱ्या यांत्रिक फेस सीलला ही सवलत नाही. ते ठिबकू लागले की बदलावे.

केवळ उलट चाल दिल्यावर पाणी येत असेल, तर बकेटने, म्हणजे झोत पुढे वळवणाऱ्या नोझलमागच्या झडपेने, परतवलेला झोत ट्रान्समवर आदळून स्टीअरिंगच्या दांड्याच्या रबरी बुटातून (आवरणातून) शिरत असण्याची शक्यता मोठी आहे.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर ट्रेलरवर होडी समतल ठेवून बिल्जमध्येच पाणी भरावे आणि ते बाहेर कोठे झिरपते, ते पाहावे. खाण्याचा रंग मिसळल्यास थेंब चटकन ओळखू येतो. पाणी स्टार्टर मोटरच्या बरेच खाली ठेवावे आणि दोनशे लीटर म्हणजे ट्रेलरवर दोनशे किलोंचा बोजा, हे विसरू नये. ओठाचे सील, म्हणजे रबरी कडेने शाफ्टला चिकटून बसणारे सील, एकाच दिशेचा दाब अडवण्यासाठी घडवलेले असते. त्यामुळे आतून भरलेल्या पाण्यावर त्याला दोषी किंवा निर्दोष ठरवता येत नाही.

दुरुस्ती एका वेळी एकाच जागी करावी आणि प्रत्येक वेळी तासाभराचे तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. सर्व सांधे कोरडे असूनही जुन्या होडीत रोज थोडे पाणी दिसत राहिले, तर फळ्यांखालचा तरंगता फोम तपासावा. भिजलेला फोम होडी ट्रेलरवर उभी असतानाही कित्येक दिवस पाणी सोडत राहतो.