राज्याची सक्तीची वसुली आणि पुनर्विकास संस्थेचं अंदाजपत्रक

कॅलिफोर्नियातल्या शहरांच्या पुनर्विकास संस्था 1 फेब्रुवारी 2012 रोजी बरखास्त झाल्या. तरी तिथल्या एखाद्या नगरपालिकेच्या वित्त विभागात नव्याने लागलात, तर त्यांची जुनी खाती आजही तुमच्या टेबलावर येऊ शकतात. मी त्या संस्था चालू असताना, 2009-10 मध्ये, एका शहरात अंदाजपत्रकाचं काम करत होतो. सार्वजनिक प्रशासनाची पदवी घेऊन या कामात उतरणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी त्या वर्षाचं उदाहरण आवर्जून सांगतो, कारण सरकारी पैशाला किती प्रकारची दावी बांधलेली असतात हे मला त्यातून कळलं.

आधी पैसा कुठून यायचा ते पाहू. एखादा भाग पुनर्विकास क्षेत्र म्हणून जाहीर झाला की त्या वर्षाचं मालमत्तेचं करमूल्य गोठवलं जाई. पुढे मूल्य वाढलं की वाढीव मूल्यावरचा कर पुनर्विकास संस्थेकडे जाई. त्याला ‘टॅक्स इन्क्रिमेंट’ म्हणतात. पण हातात आलेले शंभर डॉलर खर्चायला मोकळे नसत. त्यातले किमान 20 परवडणाऱ्या घरांच्या निधीत टाकायचे. 1994 नंतर स्थापन झालेल्या क्षेत्रांत उरलेल्या 80 मधले निदान 25 टक्के, म्हणजे आणखी 20, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), शाळा आणि इतर करसंस्थांना द्यायचे. राहिलेल्या 60 मधून रोख्यांचे हप्ते, पगार आणि प्रकल्प भागवायचे.

अंदाजपत्रक जूनमध्ये मंजूर झालं, 1 जुलैला वर्ष सुरू झालं आणि जुलैच्या अखेरीस राज्याने आपली तूट भरण्यासाठी कायदा केला. सगळ्या पुनर्विकास संस्थांनी मिळून त्या वर्षी 170 कोटी डॉलर आणि पुढच्या वर्षी 35 कोटी डॉलर शाळांसाठीच्या एका निधीत भरायचे. दफ्तरी भाषेत हाच ‘सेराफ’. कोणाच्या वाट्याला किती येणार हा आकडा राज्याचा वित्त विभाग ठरवणार आणि रक्कम 10 मेपर्यंत काउंटीच्या लेखापालाकडे पोचली पाहिजे. म्हणजे चालू वर्षात, मंजूर अंदाजपत्रकात, कोणीही न योजलेला खर्च घुसवायचा. महाराष्ट्रात पुरवणी मागण्या पाहिलेल्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल, फक्त इथे मागणारा एक आणि देणारा दुसरा होता.

नवखा माणूस अशा वेळी एकूण शिल्लक बघतो आणि निश्चिंत होतो. शिल्लक बघू नका, शिलकीतला प्रत्येक निधी वेगळा काढा. रोख्यांची रक्कम ज्या कामासाठी उभी केली त्याच्या करारात अडकलेली असू शकते, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी तो करार शब्दन् शब्द वाचा. कर्जफेडीची राखीव रक्कम तर रोखेधारकांच्याच विश्वासावर ठेवलेली असते. ज्या प्रकल्पांचे ठेके दिले गेलेत त्यांचा पैसा गेल्यात जमा धरा. एवढं वजा करून जे उरतं तेच खरं मोकळं, आणि ते बहुधा लाजिरवाणं थोडं असतं. मग न सुरू झालेले प्रकल्प पुढे ढकलायचे, जमीनविक्री किंवा भाड्याचं उत्पन्न पाहायचं.

तरीही भागलं नाही तर कायद्याने एक वाट ठेवली होती: घरांच्या निधीतून उसने घ्यायचे आणि 2010 च्या हप्त्यासाठी घेतलेली उसनवारी 30 जून 2015 पर्यंत फेडायची. कित्येक ठिकाणी हीच वाट धरली गेली. माझ्या मते ती शेवटीच धरायला हवी होती. तो पैसा ज्यांच्या घरांसाठी बाजूला काढलेला असतो त्यांच्यातलं कोणी अंदाजपत्रकाच्या सुनावणीला क्वचितच येतं, म्हणून तो हलवणं सोपं जातं. त्यांच्या वतीने बोलणारं त्या खोलीत कोणी असेल तर तो टिपण लिहिणारा विश्लेषक. निदान ‘या उसनवारीमुळे अमुक घरं अमुक वर्षं लांबतील’ हे वाक्य टिपणात असलंच पाहिजे.

न भरण्याचा पर्याय कागदावरच होता. न भरणाऱ्या संस्थेला नवं कर्ज आणि नवे करार बंद होते. वसुलीविरुद्ध खटला झाला, पण मे 2010 च्या आरंभी, हप्त्याच्या तोंडावर, सॅक्रामेंटोच्या न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणून सांगतो, खटला चालू असला तरी तरतूद करून ठेवा. निकाल बाजूने लागला तर तरतूद रद्द करणं सोपं असतं.

ठराव लिहिताना वाढीव तरतुदीची रक्कम, ती कोणत्या निधीतून, कोणत्या कायद्यानुसार आणि उसनवारी असल्यास फेडीचं वर्षवार वेळापत्रक, हे चारही त्याच ठरावात घ्या. वेळापत्रक वेगळ्या कागदावर ठेवलं की दोन वर्षांत ते हरवतं आणि कर्मचारी बदलले की उसनवारी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

हे सगळं एकाच ठरावात असण्याचं मोल पुढे कळलं. नोव्हेंबर 2010 मध्ये मतदारांनी प्रस्ताव 22 मंजूर करून अशा वसुलीला आळा घातला. राज्याने 2011 मध्ये संस्थाच मोडीत काढणारा कायदा केला आणि 29 डिसेंबर 2011 ला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. देणी फेडायला उत्तराधिकारी संस्था आल्या. आता प्रत्येक देणं राज्याच्या वित्त विभागाला सादर होणाऱ्या यादीत दाखवून मंजूर करून घ्यावं लागतं. घरांच्या निधीची उसनवारीही त्यात आली. ठराव आणि वेळापत्रक एकत्र असेल तर अशी नोंद सिद्ध करायला एक कागद पुरतो. नसेल तर जुने लेखापरीक्षण अहवाल, सभेची इतिवृत्तं आणि बँकेच्या नोंदी जुळवत बसावं लागतं, तेव्हा रुजू झाल्यावर पहिल्यांदा त्या ठरावांची फाइल मागून घ्या.