जाड जेल लावताय? पावसाळ्यात या चुका टाळा

एका जुलैत संगम माहुलीच्या घाटाचं चित्र करायला घेतलं. पायऱ्यांच्या काळ्या दगडाचा खडबडीतपणा नुसत्या अॅक्रेलिक रंगानं येईना, म्हणून हेवी जेल मिडियम चांगलं बोटभर जाड थापलं. चौथ्या दिवशी वरून वाळल्यासारखं वाटलं. अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिलं, तर साय फाटली आणि आतलं पांढरं दही अंगठ्याला लागलं. त्या आठवड्यात साताऱ्यात दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, तिथे जेल कुठून वाळणार!

जेल म्हणजे रंगद्रव्य न घातलेला घट्ट अॅक्रेलिक रंगच. पाण्यात अॅक्रेलिकचे बारीक कण असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि दुधाळ जेल पारदर्शक होतं. म्हणजे जिथे पांढरट झाक दिसते, तिथे अजून पाणी आहे असं समजा. रविवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची बिघडलेली चित्रं पाहते, तेव्हा बहुतेक वेळा घोळ या पाण्याचाच निघतो.

पहिली चूक माझीच, एकदम जाड थर. एका वेळी 2-3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि आधीचा थर काचेसारखा दिसू लागल्याशिवाय पुढचा नको. थर देऊन झालाच असेल तर टोचू नका, सोलू नका. चित्र आडवं ठेवा, खोलीत पंखा मंद चालू द्या, पण त्याचा झोत थेट चित्रावर नको. आणि मग वाट पाहा. जाड ढेकूळ आतून वाळायला आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. हेअर ड्रायर लावला की काम लवकर होईल असं वाटतं, पण साय मात्र झटपट धरते, पाणी खाली कोंडतं आणि आकसताना वर भेगा पडतात. थंडीचंही भान ठेवा. साधारण 10 अंशांच्या खाली कण नीट जुळत नाहीत, त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीच्या डिसेंबरातल्या पहाटे गॅलरीत बसून जेल लावायची हौस करू नये.

खरं सांगायचं तर एवढी जाडी लागतच नाही. खडबडीतपणा डोळ्यांना जाणवतो तो खाचेतल्या सावलीमुळे. माहुलीच्या पायऱ्या मी शेवटी अशा केल्या: बोर्डावर पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग थापायच्या सुरीनं, 2 मिलिमीटरचा थर ओढला, दुकानातली पातळ पिशवी चुरगाळून त्यावर दाबली आणि सरळ वर उचलली. पायऱ्यांच्या कडांना जुन्या कंगव्याचे दोन दात फिरवले. हे सगळं पहिल्या पाचेक मिनिटांत उरकायचं. साय धरू लागल्यावर पुन्हा सुरी फिरवली तर थर लोण्यासारखा न सरकता चिंध्यांसारखा ओढला जातो. पूर्ण वाळल्यावर काळपट निळा रंग भरपूर पाण्यात कालवून वरून सोडला आणि ओल्या फडक्यानं उंचवट्यांवरचा पुसून घेतला. खाचांत रंग उरला, वर कोरड्या ब्रशनं थोडा राखाडी घासला, तेव्हा कुठे तो दगड दिसायला लागला.

एक तक्रार नेहमी येते: "ताई, जेल पिवळं पडलं, माल खराब निघाला." दर वेळी दोष जेलचा नसतो. जाड ओल्या थरातलं पाणी खालच्या कॅनव्हासात किंवा लाकडी बोर्डात मुरतं, तिथला मळकट अंश विरघळवतं आणि वाळताना वर घेऊन येतं. नुसता जेसो, म्हणजे रंगाआधी देतात तो पांढरा अस्तराचा थर, हे अडवत नाही. आधी ग्लॉस मिडियमचे (चमकदार, जेलपेक्षा पातळ अॅक्रेलिकचे) दोन हात देऊन वाळू द्या, मग जेसो, मग जेल. रंग देऊन झाकणार असाल तर एवढा खटाटोप नको. पाण्याची किंवा काचेची पारदर्शक झाक हवी असेल, तेव्हा मात्र टाळू नका.

मॅट, म्हणजे बिनचमकीचं, जेल जाड लावून वर "धुकं आलं" म्हणणारेही भेटतात. चमक घालवण्यासाठी त्यात जी पूड घातलेली असते, तिचंच ते धुकं. जाडी ग्लॉस जेलनं साधा आणि चमक नको असेल तर शेवटी मॅट वार्निश मारा. जेलमध्ये रंग कालवताना तो फिका वाटतो म्हणून आणखी ओतू नका, वाळल्यावर गडद होतो. जेल पाण्यानं पातळ केलं की सुरीनं काढलेले उंचवटे सपाट होतात. स्वस्त पडतं म्हणून कॅनव्हासवर भिंतीची पुट्टी थापणाऱ्यांना एकच सांगते: कॅनव्हास हलतो, पुट्टी हलत नाही, मग ती तडकते.

औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची तैलचित्रं पाहून आलेली मुलं हमखास विचारतात, घरातल्या जुन्या तैलचित्रावर जेल चालेल का? नाही. तेलावर अॅक्रेलिकची पकड बसत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

आता पॅकिंग. माहुलीचं ते चित्र मे महिन्यात भाचीला पुण्याला पाठवलं, बबल रॅप घट्ट गुंडाळून. अॅक्रेलिक वाळलं तरी उन्हाळ्यात मऊ पडतं, हे मला माहीत होतं, तरी गुंडाळलं. तिनं उघडलं तर घाटाच्या प्रत्येक पायरीवर गोल गोल ठसे. फोनवर म्हणाली, "मावशी, पायऱ्यांवर नाणी पसरलीत का गं?" तेव्हापासून चारही कडांना पुठ्ठ्याच्या जाड पट्ट्या लावून वर सपाट पुठ्ठा बसवते, चित्राच्या अंगाला काही लागू देत नाही. ठसे गेले नाहीत. वरून 2 मिलिमीटरचा नवा थर दिला आणि पुन्हा पिशवी दाबली. या वेळी मार्चमध्ये.